फिफ्थ व्हील ट्रेलर: हिचची उंची, बेड रेलवरचं अंतर आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पिकअप ट्रकच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, हिच (ट्रेलर अडकवायचा जोड) बसवून जो राहायचा ट्रेलर ओढतात त्याच्याबद्दलच हे सगळं आहे, मागे बंपरला बॉल लावून ओढतात त्या ट्रेलरचं गणित वेगळं असतं. आम्ही ट्रक बदलला तेव्हा जुनाच ट्रेलर नव्या ट्रकवर बसेना, दोन-तीन महिने डोकं खपवून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण चुकीच्या जागी पैसे घालवणं यात फार सोपं आहे.

आधी शब्द सांगा, कशाला काय म्हणतात?

ट्रेलरचा पुढचा भाग जो ट्रकच्या बेडवर येतो त्याला मी नाक म्हणते. नाकाच्या खाली जो लोखंडी डबा लटकतो तो पिन बॉक्स, आणि त्याच्या तळाच्या सपाट पत्र्यातून खाली आलेली २ इंच जाडीची खुंटी म्हणजे किंगपिन. बेडमध्ये बसवलेल्या स्टँडच्या वरचा थाळीसारखा भाग तो हिच हेड, त्याच्या जबड्यात किंगपिन अडकते. बेड रेल म्हणजे बेडच्या दोन्ही बाजूच्या भिंतींची वरची कड. नाकाची खालची बाजू आणि ही कड यांच्यात जी मोकळी जागा राहते तिलाच लोक क्लिअरन्स म्हणतात.

किती क्लिअरन्स पाहिजे?

सपाट जमिनीवर, ट्रेलर जोडलेला असताना, कमीत कमी साडेपाच ते ६ इंच. हा आकडा कुठून आला ते एकदा समजून घ्या म्हणजे ४ इंचांवर समाधान मानावंसं वाटणार नाही. ट्रक आणि ट्रेलर हे दोघं किंगपिनपाशी जोडलेले असतात आणि बेडचा मागचा कोपरा पिनपासून साधारण ४ फूट मागे असतो. चढ संपून ट्रक उताराला लागला आणि ट्रेलर अजून मागे चढावरच आहे असं झालं की ट्रकचं शेपूट ट्रेलरच्या दिशेने वर उचललं जातं. दोघांत फक्त ७ अंशांचा फरक पडला तरी तो मागचा कोपरा जवळजवळ ६ इंच वर येतो. ७ अंश म्हणजे फार नाही हो, पेट्रोल पंपातून रस्त्यावर उतरताना किंवा कॅम्पसाइटच्या कच्च्या रस्त्याच्या उंचवट्यावर तेवढं सहज होतं. त्यात वळत असाल आणि एकच चाक खड्ड्यात गेलं तर ट्रक आडवाही कलतो, आणि मग दोन्ही कल एकत्र येऊन एकाच कोपऱ्यावर सगळं येतं.

आमचं असंच झालं. कॅम्पसाइटमधून बाहेर पडताना वळणावर ट्रकचं पुढचं चाक नाल्यात उतरलं, मागून पत्रा वाजल्यासारखा आवाज आला. उतरून बघितलं तर बेड रेलच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर बोटभर लांबीचा चकाकणारा ओरखडा, आणि नाकाखालच्या पन्हळी पत्र्यावर बरोबर तेवढाच चपटा दाब. तेव्हा आमचा क्लिअरन्स साडेतीन इंच होता आणि महामार्गावर हजारो मैल काही झालं नव्हतं. महामार्गावर होतच नाही, होतं ते अशा शेवटच्या दोनशे फुटांत.

ट्रेलर लेव्हल असायलाच पाहिजे का? थोडं नाक वर असलं तर काय होतं?

इंच-दीड इंच वर असलं तर फार काही होत नाही. त्यापुढे मात्र बघायला लागतं.

समजा किंगपिनपासून ॲक्सलपर्यंत २३ फूट आहेत आणि नाक ४ इंच वर आहे. दोन ॲक्सलमध्ये ३४ इंच अंतर असेल तर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या उंचीत साधारण अर्ध्या इंचाचा फरक पडतो, आणि मागचा बंपर ॲक्सलच्या मागे १० फूट असेल तर तो पावणेदोन इंच खाली जातो. आता तुमच्या ट्रेलरला कमानपाटे असतील आणि दोन पाट्यांच्या मध्ये झोका घेणारा इक्वलायझर असेल, तर तो अर्धा इंच तो इक्वलायझर बराचसा खाऊन टाकतो. पण टॉर्शन ॲक्सल असेल, म्हणजे पोकळ नळीत रबर भरलेला, तर तिथे दोन ॲक्सलना जोडणारं काहीच नसतं, प्रत्येक ॲक्सल आपापला दाबला जातो. तिथे अर्धा इंच म्हणजे मागच्या टायरांवर चांगलाच जास्त भार, आणि जास्त भाराचं टायर तापतं, उन्हाळ्यात लांबच्या पल्ल्याला तेच टायर आधी जातं. म्हणून "माझा मित्र ५ इंच नाक वर ठेवून चालवतो, काही होत नाही" हे ऐकलंत तर आधी विचारा त्याच्याकडे कमानपाटे आहेत का टॉर्शन.

शिवाय मागचं टोक खाली गेलं की चढावर बंपर आणि मागचे सांडपाण्याचे पाइप घासतात, हे वेगळंच.

मोजायचं कसं? दर वेळी वेगळा आकडा येतो.

वेगळा येतो कारण जमीन सपाट नसते. घरापुढचा रस्ता सपाट वाटतो पण नसतो, पाणी वाहून जावं म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. मोठ्या पार्किंगमध्ये जा, लांब पट्टी आणि पाणसळ घेऊन आधी जमीन तपासा.

मग ट्रेलर एकटा उभा करा, चाकांना पुढून मागून ठोकळे लावा, आणि पुढच्या पायांनी (नाकाखालचे वर-खाली होणारे खांब) तो लेव्हल करा. लेव्हल कुठे बघायचं? ट्रेलरच्या आतल्या फरशीवर किंवा बाहेरच्या रंगीत पट्ट्यावर अजिबात नको. खालच्या मुख्य लोखंडी फ्रेमवर, चाकांच्या पुढे एक जागा आणि मागे एक जागा घेऊन जमिनीपासून टेपने मोजा, दोन्ही सारखे आले की लेव्हल. आता तीन मापं घ्या: जमिनीपासून किंगपिनभोवतीच्या सपाट पत्र्यापर्यंत (पिनच्या टोकापर्यंत नाही, हे फार जण चुकतात), जमिनीपासून नाकाच्या खालच्या बाजूपर्यंत, आणि जमिनीपासून छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूपर्यंत.

ट्रककडे जमिनीपासून बेडच्या तळापर्यंत आणि जमिनीपासून बेड रेलपर्यंत मोजा, दोन्ही मागच्या ॲक्सलच्या वर. ही मापं रिकाम्या ट्रकची. ट्रेलर जोडल्यावर ट्रक किती बसतो तेही हवं, तो दीड-दोन इंच ते तीन इंचांपर्यंत बसू शकतो, कारण ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग पिनवर येतो. १२,००० पाउंडांच्या ट्रेलरला २० टक्के धरले तर २,४०० पाउंड बेडमध्ये. अंदाज करू नका, एकदा जोडून मोजा.

हिच वर घेतला की क्लिअरन्स वाढतो. मग सरळ वरच्या भोकात बोल्ट लावून टाकू का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि माझं सगळं डोकं इथेच अडकलं होतं.

हिच वर घेतला की क्लिअरन्स वाढतो हे खरं, पण तो वाढतो कारण ट्रेलरचं नाक वर जातं. म्हणजे तुम्ही लेव्हल देऊन क्लिअरन्स विकत घेतलात. आता ट्रेलर लेव्हलच ठेवायचा असं ठरवून बघा. लेव्हल ट्रेलरच्या नाकाची खालची बाजू जमिनीपासून एका ठरलेल्या उंचीवर असते, ती ठरते त्याच्या चाकांवरून, ॲक्सलवरून, फ्रेमवरून. जोडलेल्या ट्रकची बेड रेलही ठरलेल्या उंचीवर असते. या दोघांची वजाबाकी म्हणजे तुमचा क्लिअरन्स. त्यात हिच कुठे आला? आलाच नाही. पिन बॉक्स कुठे आला? तोही नाही. हिच बदला, पिन बॉक्स वर-खाली करा, दुसऱ्या कंपनीचा महागडा हिच आणा, लेव्हल असतानाचा क्लिअरन्स पाव इंचानेही बदलत नाही.

म्हणून आधी ही एक वजाबाकी करा, मगच पैसे काढा. उत्तर ६ किंवा जास्त आलं तर तुमचं काम हिच आणि पिन बॉक्सच्या भोकांनी होईल. ४-५ आलं तर इंच-दीड इंच नाक वर ठेवून बहुतेक निभेल. २-३ आलं तर ट्रेलर उचलायला लागणार किंवा ट्रक खाली घ्यायला लागणार, तिसरा मार्ग नाही.

एक उदाहरण करून दाखवा.

आमचंच घ्या, आकडे थोडे सोपे करते. ट्रेलर लेव्हल असताना पिनचा पत्रा ४७ इंचांवर, नाकाची खालची बाजू ६१ इंचांवर.

जुना ट्रक: बेडचा तळ ३६, जोडल्यावर २ इंच बसायचा म्हणजे ३४. बेडची भिंत २१ इंचांची, म्हणून रेल ५५ वर. क्लिअरन्स ६१ वजा ५५, म्हणजे ६. हिच हवा ४७ वजा ३४, म्हणजे १३ इंच उंचीचा. आमचा १४ चा होता, म्हणजे नाक इंचभरच वर, मस्त बसायचं, कधी विचारसुद्धा केला नव्हता.

नवा ट्रक: तळ ३९, हा दणकट असल्यामुळे दीडच इंच बसतो, म्हणजे साडेसदतीस. रेल साडेअठ्ठावन्न. लेव्हलला क्लिअरन्स राहिला अडीच इंच! आणि हिच हवा साडेनऊ इंचांचा, आमच्या हिचचं सगळ्यात खालचं भोक १४ चं. म्हणजे ट्रेलर जोडला की नाक आपोआप साडेचार इंच वर. त्या अवस्थेत क्लिअरन्स ७ यायचा आणि तो बघून आम्हाला वाटायचं सगळं छान आहे. मग कोणीतरी आणखी बुटका हिच घ्या म्हणून सांगितलं, त्याच्यासाठी पिन बॉक्सही वर सरकवला, नाक एकच इंच वर राहिलं आणि क्लिअरन्स साडेतीनवर आला. वर जो ओरखडा सांगितला तो त्यानंतरचा.

शेवटी ट्रेलरच ५ इंच उचलला आणि पिन बॉक्स मूळ भोकांत परत आणला. पिनचा पत्रा ५२ वर गेला, जुनाच हिच १४ वर लावला, नाक अर्धा इंच खाली आहे आणि क्लिअरन्स ७. बुटक्या हिचचे पैसे फुकट गेले.

हिचची उंची प्रत्यक्ष बदलतात कशी?

हेड आणि खालचे पाय यांच्यात भोकांची रांग असते, बहुतेकांत इंच-दीड इंचाच्या अंतराने. ट्रेलर सोडलेला असताना बोल्ट काढायचे, हेड उचलून हव्या भोकांवर आणायचं आणि दोन्ही बाजूंना एकाच ओळीत बोल्ट लावायचे. हेड जड असतं, दोघं जण लागतात. बोल्ट टॉर्क रेंचने, त्या हिचच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळायचे, "हाताला घट्ट लागलं" हे चालत नाही. पहिल्या प्रवासानंतर परत आवळून बघा.

पिन बॉक्स सरकवू का?

आधी हिचने काम होतंय का बघा, नसेल होत तरच. पिन बॉक्सही दोन्ही बाजूंना बोल्टांच्या भोकांनी फ्रेमला धरलेला असतो. तो खाली घेतला की नाक वर जातं, वर घेतला की नाक खाली येतं, हे उलटं वाटतं पण एकदा कागदावर काढा म्हणजे पटेल. खाली घेताना दोन गोष्टी सांभाळा: किती बोल्ट पूर्ण भोकांत हवेत ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, त्यापेक्षा कमी नको, आणि पिन जितकी खाली तितका ब्रेक मारताना फ्रेमवर पीळ जास्त. नवीन भोक पाडायचा विचारही करू नका. डबा जड आहे, सोडायच्या आधी खाली जॅक आणि लाकडी ठोकळे.

गूझनेक अडॅप्टर (किंगपिनला लावायचा लांब दांडा, जो बेडमधल्या बॉलवर बसतो) लावला तर उंचीचा प्रश्न सुटेल का?

नाही. वरची वजाबाकी त्यालाही लागू आहे. शिवाय तो लांब दांडा फ्रेमवर जास्त पीळ देतो आणि काही फ्रेमवाले त्यासाठी वॉरंटी नाकारतात, लेखी परवानगी असल्याशिवाय लावू नका.

ट्रेलर उचलायचा म्हणजे काय करायचं? ॲक्सल फ्लिप म्हणजे ॲक्सल उलटा करतात?

नावावरून तसं वाटतं आणि त्यात घोळ होतो. ॲक्सल उलटा करायचा नाही! त्याला मध्ये किंचित वरच्या बाजूला बाक दिलेला असतो, भार आल्यावर तो सरळ व्हावा आणि चाकं उभी राहावीत म्हणून. उलटा केलात तर बाक खाली येईल, चाकं कलतील आणि टायर एका कडेने खाल्ले जातील. फ्लिप करायचं ते पाट्याचं. कमानपाटे ॲक्सलच्या खाली बांधलेले असतील तर ते ॲक्सलच्या वर आणतात, त्यासाठी ॲक्सलच्या वरच्या बाजूला पाट्याच्या नव्या बैठका वेल्ड करायला लागतात, काही ॲक्सलना त्या दोन्ही बाजूंना आधीच असतात. नळीची जाडी ३ ते साडेतीन इंच अधिक पाट्यांची जाडी, असं मिळून साधारण ५ इंच मिळतात.

पण आधी वाकून खाली बघा. बऱ्याच मोठ्या ट्रेलरना पाटे आधीच ॲक्सलच्या वर असतात, मग फ्लिप करायला काही उरलेलंच नसतं. तिथे फ्रेम आणि पाट्यांचे हँगर (पाटे ज्यांना लटकतात ते लोखंडी कान) यांच्यामध्ये २-३ इंचांची चौकोनी लोखंडी नळी वेल्ड करतात. हँगर लांब झाले की आडव्या आधाराच्या पट्ट्या लागतातच, नाहीतर तंग वळणावर टायर आडवे घसरतात तेव्हा हँगर वाकतात. टॉर्शन ॲक्सलला बोल्टने बसणारे ठोकळे मिळतात, ते सगळ्यात सोपं.

वेल्डिंग ज्याला ट्रेलरच्या फ्रेमचा अनुभव आहे त्याच्याकडूनच करून घ्या. आणि उचलल्यावर रोजच्या गोष्टी बदलतात: दाराची शेवटची पायरी ५ इंच वर जाते, म्हाताऱ्या माणसांना ते लगेच जाणवतं, माझ्या सासूबाईंसाठी आम्ही वेगळा पाट ठेवतो. पुढचे पाय जमिनीला पुरत नाहीत, ठोकळे लागतात. ब्रेकच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना ते बघा.

ट्रकच खाली घेतला तर?

होतं. काही ट्रकना मागच्या ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये कारखान्यातूनच ठोकळा असतो, तो बुटका लावून एक-दोन इंच खाली येतात. पण ट्रकचं पुढचं-मागचं संतुलन, हेडलाइटचा झोत सगळं बदलतं, जाणकाराला विचारून करा.

एअर बॅगचं, म्हणजे ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर लावायच्या हवेच्या पिशव्यांचं, मात्र लक्षात घ्या. लोक ट्रक बसू नये म्हणून लावतात आणि हवा भरत राहतात. ट्रक जितका कमी बसला तितकी रेल वर राहिली, म्हणजे लेव्हलला क्लिअरन्स कमी झाला. हवा भरल्यावर परत मोजा. आणि एअर बॅगने ट्रकची वजन घ्यायची क्षमता वाढत नाही, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा तोच राहतो.

उंची जमली, पण वळताना ट्रेलर केबिनला लागेल का?

हा वेगळा क्लिअरन्स आहे. ट्रेलर १०२ इंच रुंद असेल तर मध्यापासून कडेपर्यंत ५१ इंच. ट्रक ९० अंशांत वळला की ट्रेलरचा पुढचा कोपरा पिनभोवती फिरतो, त्यामुळे पिनपासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत त्या कोपऱ्याच्या फेऱ्यापेक्षा जास्त जागा हवी. ८ फुटी बेडला सहसा चालतं. साडेसहा फुटी बेडमध्ये ॲक्सलपासून केबिनपर्यंत ४० इंचांच्या आसपासच असतात, तिथे मागे सरकणारा हिच घ्यायचा. हाताने सरकवायचा असेल तर तंग वळणाच्या आधी थांबून सरकवायला लागतो, आणि रात्री पावसात उलटं घेताना नेमकं तेच विसरायला होतं, म्हणून जमत असेल तर आपोआप सरकणारा. ट्रेलरचे पुढचे कोपरे गोलाकार कापलेले असले की बराच फरक पडतो, तरीही रिकाम्या मैदानात कोणाला तरी बाहेर उभं करून एकदा हळूहळू पूर्ण वळवून बघा.

जोडताना ट्रेलर किती उंचीवर ठेवायचा?

हिच हेडपेक्षा साधारण अर्धा इंच खाली, म्हणजे ट्रक मागे घेताना हेडचा उतरता भाग पिनच्या पत्र्याखाली शिरतो आणि ट्रेलरला किंचित उचलतो. ट्रेलर जास्त वर असेल तर पिन जबड्यात पूर्ण बसत नाही, वरच्या वर अडकते, हँडल बंद झाल्यासारखं दिसतं आणि पुढे निघालात की ट्रेलर सरळ बेड रेलवर कोसळतो. दोन्ही रेल चेपलेले ट्रक बघितलेत ना, ते बहुतेक असेच झालेले असतात.

म्हणून जोडल्यावर बॅटरी घेऊन वाका आणि बघा: पिनचा पत्रा आणि हेड यांच्यात फट नको, जबडा पिनच्या मानेभोवती बंद हवा. मग पुढचे पाय जमिनीला टेकलेले ठेवूनच ट्रेलरचे ब्रेक केबिनमधल्या कंट्रोलरच्या खटक्याने हाताने दाबा आणि ट्रक हलकेच पुढे ओढा. सुटायचं असेल तर तिथेच सुटेल आणि ट्रेलर पायांवर उभा राहील. टेलगेट (बेडचा मागचा दरवाजा) या वेळी खाली हवा, पण पिन बॉक्स त्याच्या वरून जातो का ते आधी मोजून ठेवा, आणि सोडताना तो खाली करायला विसरू नका.

ट्रेलर उचलला, आता पुलाखालून जाईल का?

अमेरिकेत पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत उंचीची मर्यादा १३ फूट ६ इंच आहे, पश्चिमेकडे बऱ्याच ठिकाणी १४ फूट. पण जुने पूल त्यापेक्षा बुटके असतात, तिथे पाटीवरचाच आकडा खरा. ट्रेलर १२ फूट १० इंचांचा असेल आणि ५ इंच उचललात तर १३ फूट ३ इंच झाला. नाक वर असेल तर पुढचा एसी त्याहूनही वर. जोडलेल्या अवस्थेत शिडी लावून एसीच्या झाकणाच्या माथ्यावर सरळ पट्टी ठेवा, पट्टीच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. तो आकडा मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टीअरिंगच्या वर चिकटवलाय, कारण नवरा आणि मी आलटून पालटून चालवतो आणि पूल समोर आल्यावर एकमेकांना विचारायला वेळ नसतो.